शांत हात

रुंजीला ‘शांत हात’चं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा हेमांगीने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. खालच्या मजल्यावरच्या देसाईकाकूंच्या हातावर तर दोन ठेवले, कारण रुंजीच्या धपधपीने त्यांचीच दुपारची झोप सगळ्यात जास्त मोडली होती. काकू म्हणाल्या, “पोर सुधारली गं बाई. सोनं झालं बघ.” हेमांगीला भरून आलं. यायचंच की! आठ वर्षांत रुंजीबद्दल कुणी चांगलं बोलल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके.

बारशाला नाव भलतंच ठेवलं होतं, पण पोर दिवसभर गुणगुणत घरात फिरायची म्हणून सगळे रुंजीच म्हणायला लागले. ऑटिझम आहे हे तिसऱ्या वर्षी कळलं. शब्द आलेच नाहीत. गुणगुणणं होतं, आणि मूठ होती. छातीच्या बरोबर मधोमध मूठ आणि फरशीवर टाचा, एका तालात. धप, धप, धप. जेवण झालं की सुरू. आडवं केलं की सुरू. मधेच सोफ्याच्या हातावर पोट दाबून उलटी लोंबकळायची, मान मागे टाकून धनुष्यासारखी वाकायची. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, “ऑटिझममध्ये असं करतातच.” डॉक्टर म्हणाले, नणंद म्हणाली, गॅसची टाकी आणून देणारासुद्धा म्हणाला.

मग अशा मुलांसाठी चालणारा कुंदाताईंचा वर्ग मिळाला. कुंदाताई म्हणजे मायाळू बाई, उगाच वाईट बोलायला नको. त्यांची रीत साधी. मुलाने मूठ उगारली की दोन्ही हात धरून मांडीवर ठेवायचे, “शांत हात” म्हणायचं, आणि हात तिथेच राहिले की लिमलेटची एक गोळी. चेहराही हसरा ठेवला तर आणखी एक. वर्गात हे दिवसातून तीनेक तास चालायचं. हेमांगीने घरी उरलेला सगळा दिवस चालवलं. कणकेचे हात तसेच घेऊन धावायची, पण एक मूठ सोडली नाही. पाहुणे थक्क व्हायचे. वर्षभरात धपधप थांबली. आता रुंजी जेवण झालं की चटईवर बसायची, हात मांडीवर ठेवायची, हसायची आणि फळीवरच्या लिमलेटच्या बरणीकडे बघत राहायची.

फक्त ती वाळत चालली होती. जेवण दोन घासांवर आलं होतं.

गंमत अशी की हेमांगी नोकरी करायची ती सांगलीच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत. टँकर हल्ली आपापले यायचे, त्यांना ड्रायव्हर नसायचा. पण दूध घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरवायला अजून माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे हेमांगी. कुठल्या टँकरमधलं दूध आंबायला लागलंय हे तिला झाकण उघडताच वासावरून कळायचं. मशीन नंतर तेच सांगायचं. सगळे तिला मानायचे.

वर्गात दातांचं शिबिर झालं तिथून चक्रं फिरली. दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून रुंजीचं तोंड बघितलं आणि विचारलं, “ही रोज चिंचा खाते का हो? दातांचं कवच विरघळलंय. तेही आतल्या बाजूने.” मग त्यांनी आणखी एकाचं तोंड बघितलं, आणखी एकाचं. वर्गातल्या निम्म्या मुलांना त्यांनी मिरजेच्या डॉ. इरफान मुजावरांकडे पाठवलं.

मुजावर पोटाचे डॉक्टर. “तुम्ही दूध संघात ना? मग आम्लता काय असते हे मी तुम्हाला काय सांगणार!” असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केलीच. पोटात आम्ल असतं, ते तिथे असायलाच हवं. पोटाच्या तोंडाशी एक स्नायूचं कडं असतं, ते सैल पडलं की आम्ल उलटं वर चढतं, अन्ननळी भाजत घशापर्यंत येतं. “तुम्हा-आम्हाला झालं तर आपण म्हणतो छातीत जळजळतंय, आणि गोळी घेतो. ज्याला म्हणता येत नाही ते लेकरू काय करेल? वाकेल, पोट दाबेल, जेवणार नाही, छाती बडवेल. आणि आम्ही कागदावर लिहिणार, वर्तनाची समस्या.”

“रुंजी आता बडवत नाही, डॉक्टर. बक्षीस मिळालंय तिला,” हेमांगी अभिमानाने म्हणाली.

मुजावरांनी चष्मा काढून पुसला.

पूर्वीची तपासणी म्हणजे नाकातून अन्ननळीत नळी घालून ती दिवसभर ठेवायची. ही मुलं ती ओढून काढतात, मग भूल द्या, हातपाय बांधा. निम्मे पालक दारातूनच परत जायचे. आता नवी तऱ्हा आली होती. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांबलचक नस जाते, मानेतून, छातीतून, भटकत भटकत. पोटातली प्रत्येक बातमी तिच्यावरून वर जाते. मानेपाशी ती कातडीच्या त्यातल्या त्यात जवळ असते. तिथे एक चकती चिकटवली की ती नसेचं बोलणं ऐकते. यंत्राचं नाव ‘सहवेदी’, पण लोक त्याला टिकलीच म्हणायचे, दिसायलाच ती तशी होती. एक टिकली लेकराच्या मानेवर, एक आईच्या.

“आईच्या कशाला?” हेमांगीने विचारलं.

“आलेखावर रेघ वर गेली एवढं मशीन सांगतं. ती रेघ केवढी दुखते हे माणसालाच कळतं. तिच्या नसेवर जी थरथर होईल तीच थरथर ही दुसरी टिकली तुमच्या नसेवर उठवेल. कुठे, कधी, किती, ते तुम्ही मला सांगायचं.”

“म्हणजे तिचं दुखणं मला होणार?”

“दुखणं तुमचंच असेल. फक्त वेळ तिची, जागा तिची. आठवडाभरच लावायची. त्याहून जास्त लावली तर नसेला सवय लागते.”

घरी आल्यावर हेमांगीने आधी स्वतःच्या मानेवर टिकली लावली, मग रुंजीच्या. कानाखाली जराशी मुंगी चावल्यासारखं झालं, बाकी काही नाही. नवरा सुहास म्हणाला, “एवढंच? मला वाटलं शॉक बसणार तुला!” तिने त्याला पोळ्या लाटायला बसवलं.

जेवणं झाली. रुंजीने दोन घास वरणभात खाल्ला आणि चटईवर जाऊन बसली. हेमांगी ओटा पुसत होती. हात मधेच थांबला. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, कुणीतरी निखारा ठेवला होता. तो वर सरकला. घशाशी आला, आंबट, कडू, आणि मागे वळून पुन्हा खाली उतरला, पुन्हा वर. तिने ओट्याची कडा धरली. मूठ आपोआप वळली आणि छातीवर बसली. एकदा, दोनदा.

“हेमा! अगं काय होतंय? अँब्युलन्स बोलावू का?” सुहासच्या हातातली ताटली पडली.

हेमांगीला बोलता येईना. तिने वळून चटईकडे बघितलं.

रुंजी हसत होती. पाठ ताठ, हात मांडीवर, बोटंसुद्धा हलत नव्हती. डोळे बरणीवर. मधूनच गळ्याशी एक घोट गिळल्याची हालचाल व्हायची, तेवढीच. हेमांगीच्या अंगात निखारा वर चढला की रुंजीचं हसू आणखी थोडं रुंदावायचं. आपल्याच पोरीची तिला भीती वाटली, आणि ती वाटली म्हणून रडू आलं.

“अरे वा, शांत हात! शाब्बास माझी राणी,” सुहास म्हणाला. त्याला वाटलं, बायकोला कळ आली असली तरी पोर शहाण्यासारखी बसलीय. त्याने बरणीतून एक लिमलेट काढून तिच्या तोंडात घातली.

थोडाच वेळ गेला असेल. निखाऱ्यावर कुणी तेल ओतावं तसं झालं. हेमांगी फरशीवर बसलीच.

“काढ ती,” ती कशीबशी म्हणाली, “सुहास, तिच्या तोंडातून ती गोळी काढ. लिंबाचं आम्ल असतं रे त्यात. आपण हिला...” आंबट पदार्थ जळजळ वाढवतो हे तिला माहीत नव्हतं का? आम्ल ओळखण्यावरच तर रोजची भाकरी खात होती. पोरगी जळतेय म्हणून मूठ मारायची. मूठ थांबवली की हातावर आम्लाची गोळी. ती खाल्ली की आणखी जळजळ, मग आणखी शांत हात, मग आणखी एक गोळी. वर्षभर. आणि आपण पेढे वाटले.

त्या संध्याकाळी बरणी कचऱ्यात गेली. रुंजीने ती जाताना बघितली, हसली, आणि फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पालकांना बसायची परवानगी होती. स्नेहसंमेलनाची तालीम होती. मागच्या बाकांवर आया, त्यातल्या बऱ्याचजणींच्या मानेवर टिकल्या. डबे नुकतेच खाऊन झाले होते. पुढे मुलं एका रांगेत बसली, हात मांडीवर, चेहरे हसरे. खोलीत एवढी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

आधी कोपऱ्यातल्या एका आईचा हात छातीकडे गेला. मग तिच्या शेजारणीचा. एकीने पदर तोंडात कोंबला. एक पुढच्या बाकावर डोकं टेकून राहिली. हेमांगीचाही निखारा उठला होता. मागची रांग वाकत चालली होती आणि पुढच्या रांगेत पापणीही लवत नव्हती. सगळे डोळे टेबलावरच्या लिमलेटच्या डब्याकडे.

“बघा, कशी बसलीत माझी पाखरं!” कुंदाताई कौतुकाने म्हणाल्या आणि वळल्या. “अगं बाई, तुम्हाला सगळ्यांना काय झालं?”

हेमांगी उठली. धड चालवत नव्हतं. तिने आपल्या मानेवरची टिकली सोलून काढली. “ताई, मान पुढे करा.”

“काय गं हे? मला कशाला...”

“करा ना, ताई.”

टिकली चिकटली. कुंदाताई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग हाताने खुर्ची चाचपायला लागल्या. चेहऱ्याचा रंग उतरला. “हे... हे कुणाचं?”

“रुंजीचं.”

कुंदाताईंनी रांगेकडे बघितलं. रुंजी त्यांच्याकडे बघून गोड हसली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “हसायलाही मीच शिकवलं गं तिला,” त्या म्हणाल्या. “जमत नव्हतं तिला. आरशासमोर बसवून शिकवलं.” मग त्यांनी डबा उचलला आणि खिडकीतून बाहेर फेकून दिला. मुलं डबा गेला त्या दिशेने बघत, तशीच हसत बसून राहिली. हात कुणाचेच हलले नाहीत. डबा गेला म्हणून काही झालं नाही, शिकवलेलं मुलांच्या अंगात मुरलं होतं.

मुजावरांनी औषध सुरू केलं. आंबट, तिखट, तळकट बंद, उशी उंच, जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. “भाजलेलं भरून येईल, वेळ लागेल. पण दुखणं पुन्हापुन्हा डोकं वर काढणार, हेमांगीताई. वर्षानुवर्षं. ते उठलं की लगेच कळलं पाहिजे, नाहीतर आत जखमा होतात, रक्त जातं.”

“टिकली आहे की.”

“ती शुक्रवारी परत द्यायची.”

“मग मला कळणार कसं?”

“ती सांगेल तसं.”

“ती सांगत होती, डॉक्टर,” हेमांगी म्हणाली. “मूठ मारून मारून सांगत होती. आम्ही बंद केलं.”

“मग परत सुरू करा,” मुजावर म्हणाले.

बोलायला सोपं! त्याच दिवसापासून हेमांगीने एकच ध्यास घेतला. निखारा उठला की रुंजीसमोर जाऊन बसायचं, स्वतःच्या छातीवर मूठ मारायची, मग रुंजीची मूठ वळवून तिच्या छातीवर ठेवायची. रुंजी हात सोडवून घ्यायची आणि परत मांडीवर ठेवायची. हेमांगी पुन्हा उचलायची, हात पुन्हा मांडीवर. ज्या चिकाटीने बंद केलं होतं त्याच चिकाटीने ती उघडायला बसली होती, आणि दार हलत नव्हतं.

त्यात टिकली बनवणाऱ्या कंपनीचा निरोप फोनवर आला. टिकलीत नवी सोय आली होती, नाव ‘शमन’. पडद्यावर निळं बटण. ते दाबलं की टिकली नसेचं बोलणं नुसतं ऐकणार नव्हती, वाटेतच दाबून टाकणार होती. लेकराला काही जाणवणार नाही. आईलाही नाही. महिन्याला पैसे भरा, टिकली कायमची तुमची.

“दाब की,” सुहास म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. बायकोला दिवसातून कितीदा कळवळताना बघत होता बिचारा. “पोरीला दुखणारच नाही. आणखी काय पाहिजे आपल्याला?”

हेमांगीने बोट बटणापर्यंत नेलं. त्या वेळी नेमका निखारा जागा होता, आणि बटण दाबलं की तो विझणार होता, दोघींचाही. वर्गातल्या राजवीरच्या आईने दाबलं होतं. राजवीर आता मजेत होता. मजेत म्हणजे ताटात वाढाल तितकं खात राहायचा, पोट भरल्याची बातमीही त्याच नसेवरून जाते ना. उलटी व्हायची आणि तो पुन्हा घास घ्यायचा. हसत.

“आम्ल तिथेच राहणार रे,” हेमांगी म्हणाली. “ते जाळायचं थांबणार नाही, आपल्याला फक्त कळणार नाही. शांत हात बाहेरून शिकवले, आता आतून शिकवू म्हणतोस?” तिने फोन पालथा ठेवला. सुहास गॅलरीत जाऊन उभा राहिला.

गुरुवारी दुपारी जळजळ फार जोराची उठली. हेमांगी रुंजीसमोर बसली आणि छातीवर मूठ मारायला लागली. धप, धप, धप. आता ती शिकवत नव्हती, खरंच सहन होत नव्हतं. रुंजी बघत राहिली. मग उठली, आईजवळ आली. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि सावकाश, हळुवार, आईच्या मांडीवर ठेवले. बोटं एकेक करून सरळ केली. मग सोफ्याच्या गादीखाली हात घालून कधीची लपवलेली, मुंग्या लागलेली एक लिमलेट काढली आणि आईच्या तोंडात घातली.

आणि समोर बसून, मान तिरकी करून, आई हसते का ते बघत राहिली.

हेमांगी हसली. काय करणार? गोळी जिभेवर विरघळत होती, मुंग्या ओठांवरून चालत होत्या, छाती जळत होती. ती हसत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी खाली ओघळू दिलं. त्या क्षणी तिला पहिल्यांदा नीट समजलं, त्या हसण्यामागे किती जोर लावावा लागतो.

शुक्रवारी टिकल्या परत गेल्या.

घर भयंकर गप्प झालं. पूर्वीही रुंजी अशीच बसायची, पण तेव्हा हेमांगीला ते समाधान वाटायचं. आता ती मिनिटामिनिटाला तिच्या तोंडाकडे बघायची. दुखतंय? नाही? गिळला का तिने आवंढा? त्यातून मधूनच तिच्या छातीत निखारा उठायचा. मानेवर टिकली नाही, काही नाही, आणि तरी तोच निखारा, त्याच जागी. मुजावरांनी सांगितलं होतं, काही आयांना होतं असं, नसेची आठवण असते, पडछाया म्हणतात तिला, ती खरी धरायची नाही. पण हेमांगी धावत जायची. रुंजी हात मांडीवर ठेवून हसत असायची. हे तुझं की माझं, गं? कुणाला विचारणार? औषध द्यावं तर उगाच किती द्यायचं, न द्यावं तर जीव टांगणीला. दूध संघातही तिचं लक्ष लागेना. एक नासका टँकर तिने पास केला, वरच्यांची बोलणी खाल्ली.

असे काही दिवस गेले.

एका संध्याकाळी सुहास आत थालीपीठं लावत होता आणि हेमांगी बाहेर फरशीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला काही होत नव्हतं. छाती थंड होती, पडछायासुद्धा नव्हती. रुंजी चटईवरून उठली. गुणगुणत आली, घड्यांच्या ढिगाऱ्यावर पाय देऊन आईच्या अगदी समोर बसली. हात मांडीवर ठेवले. काढले. परत ठेवले.

मग तिचा उजवा हात उचलला गेला, त्याची मूठ वळली, आणि ती मूठ हेमांगीच्या छातीवर बसली.

बरोबर मधोमध. हाडावर. निखारा उठायचा नेमक्या त्या जागी, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

आठवडाभर पोरीने काय बघितलं होतं? आपल्या आत जळायला लागलं की आई छाती बडवते. दरवेळी. न चुकता. तिच्या लेखी दुखणं कळतं ते इथे, आईच्या छातीत. आणि आज आत जळत होतं, पण आई आपली घड्या घालत बसली होती. म्हणजे आईला कळलंच नव्हतं. सांगायला नको?

धप. धप. आता टाचाही फरशीवर पडायला लागल्या. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. चेहरा पिळवटला होता, वेडावाकडा, रडवेला, आणि वर्षभराने तो रुंजीचा स्वतःचा चेहरा होता.

“रुंजी!” आतून सुहासची सवयीने हाक आली. “शांत हात!”

“गप रे!” हेमांगी एवढ्या मोठ्याने ओरडली की तो उलथनं घेऊन दारात आला. “मारू दे तिला. औषधाची बाटली आण आधी. पळ!” आणि मुठीखालून छाती न हलवता ती लेकीला म्हणाली, “कळलं गं माझे बाई, कळलं. सांग अजून.”

सुहास बाटली घेऊन धावत आला. मधेच फोन वाजायला लागला, खालून देसाईकाकूंचा. हेमांगीने तो वाजू दिला.